गांवाचें शहर करायचें, तें कुणासाठीं?

गेल्या पंधरवड्यांत एका बाजारगांवच्या ग्रामसभेला आम्ही हजर होतों. गांवाचें नांव आम्ही देत नाहीं. जें तेथें चाललें आहे तेंच आज महाराष्ट्रांतल्या अनेक गांवांत चाललें आहे. ज्यानें त्यानें आपल्या गांवाचें नांव घालून पुढचा मजकूर वाचावा. सभेपुढें विषय एकच होता: ग्रामपंचायत मोडून नगरपंचायत मागावी कीं न मागावी. वस्ती बारा हजारांच्या घरांत. मंडपांत पुढें खुर्च्या मांडलेल्या. त्यांवर दुकानदार, प्लॉटवाले आणि दोनचार मोठे बागायतदार. त्यांच्या मागें सतरंजीवर कुणबी, माळी, धनगर, सुतार, कुंभार. सर्वांत मागें, शाळेच्या भिंतीला टेकून, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाया. बोलणारे सगळे पुढचे. ज्यांच्या पोटावर परिणाम व्हायचा ते सगळे मागचे.

एका तरुणानें कर्ण्यावरून यादी वाचली. नगरपंचायत झाली कीं सिमेंटचे रस्ते, बंद गटारें, नळाला पाणी, बाग, दिवे, आगीचा बंब, कोटींचा निधि. टाळ्या पडल्या. इतक्यांत मागून एक म्हातारा कुंभार उठला आणि म्हणाला, "बाळ, सगळं खरं. पण मी माती कुठनं आणू?" हंशा पिकला. तो हंशा विरला नाहीं तोंच भिंतीपाशीं बसलेली एक बाई म्हणाली, "सरपंच, आमचं रोजगार हमीचं काम राहील का जाईल, तेवढं सांगा." या वेळीं कोणी हंसलें नाहीं, पण उत्तरहि कोणी दिलें नाहीं. विषय पुढील सभेवर ढकलला गेला. त्या गांवच्या वाचकांनीं आमचें मत विचारलें आहे. म्हातारबाबांचा प्रश्न हंसण्यावारी न्यावा असा नाहीं, आणि त्या बाईला उत्तर मिळालें पाहिजे, म्हणून हा लेख.

आधीं कायदा काय आहे तें पाहूं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ति १९९२ सालीं झाली व दुसऱ्या वर्षीं अमलांत आली. एकीनें ग्रामपंचायतींना घटनेंत जागा दिली, दुसरीनें नगरांच्या संस्थांना. खेडेंहि नाहीं आणि शहरहि नाहीं, अशा संक्रमणांतल्या गांवासाठीं नगरपंचायत हा प्रकार निघाला. आपल्या राज्यांत १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणें दहा हजार ते पंचवीस हजार वस्तीच्या अशा गांवाला नगरपंचायत देतां येते. त्यावर वस्ती गेली कीं नगरपरिषद. कायदा माणसें मोजतो, आणि शेतीबाहेरच्या धंद्यांत किती हात आहेत तेंहि मोजतो. २०१४ सालीं सरकारनें तालुक्याच्या गांवांना वस्तीची अट बाजूला ठेवून सरसकट नगरपंचायती देण्याचें ठरविलें. त्या वेळीं कित्येक लहान गांवें झोंपेंतून उठलीं तीं शहर होऊन उठलीं.

येथें एक गोष्ट गांठीं बांधून ठेवावी. गांवाचें शहर करण्याचा अधिकार ग्रामसभेचा नाहीं, सरकारचा आहे. ग्रामसभेनें "हवें" म्हटलें म्हणून तें होतेंच असें नाहीं. "नको" म्हटलें म्हणून टळतेंच असेंहि नाहीं. सरकार आधीं उद्घोषणा काढतें, हरकतींना मुदत देतें आणि मग निर्णय करतें. ही मुदतच काय ती गरिबाच्या हातांत असते. ती बहुधा चावडीच्या फळ्यावर चिकटविलेल्या एका कागदांत सुरू होते आणि तो कागद पावसानें भिजून पडतो तेव्हां संपलेली असते.

शहराच्या बाजूनें जें खरें आहे तें आम्ही लपवीत नाहीं. पहिली गोष्ट घराची. पंतप्रधान आवास योजना निघाली तेव्हां ग्रामीण घरकुलाला मूळ मदत एक लाख वीस हजारांची होती; शहरांत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्र व राज्य मिळून अडीच लाख. हा फरक लहान नाहीं. दुसरी गोष्ट पथारीवाल्यांची. रस्त्यावर बसून भाजी, मडकीं, चपला विकणारांना संरक्षण देणारा कायदा २०१४ सालीं झाला तो शहरांसाठींच. खेड्याच्या बाजारांत बसणारी माळीण त्यांत येत नाहीं. तिसरी गोष्ट माणसांची. एका ग्रामसेवकानें बारा हजार लोकांचें पाणी, दाखले, दिवे, जन्ममृत्यु सांभाळायचें हें काम माणसाच्या आवांक्याबाहेरचें आहे. नगरपंचायतीला मुख्याधिकारी येतो, अभियंता येतो, निदान तशी तरतूद तरी असते. ज्या गांवांत भाडेकरूंच्या चाळी उभ्या राहिल्या, विहिरींत सांडपाणी उतरलें आणि शेत पाहायला पांच कोस जावें लागतें, तेथें ग्रामपंचायत धरून बसणें म्हणजे बांधकाम करणारांना मोकळें रान देणें होय. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत अडीचशेंहून अधिक ठिकाणें अशीं निघालीं, कीं जनगणनेच्या हिशेबानें तीं नगरें, पण कारभार ग्रामपंचायतीचा. अशा ठिकाणच्या कामकऱ्यांनीं नगरपालिका दोन्ही हातांनीं मागावी, असें आम्ही स्वच्छ सांगतों.

पण आपल्या बाजारगांवची गोष्ट तशी आहे काय? तेथें पेठ एक आणि वाड्यावस्त्या दहा. पेठेंतल्या शंभर दुकानांवरून गांव शहरासारखें दिसतें. वस्त्यांवर अजून बैल आहेत, शेण आहे, खळीं आहेत. म्हणून हात वर करण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें पांच प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रश्न मजुरीचा. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या हातांनीं या राज्याला रोजगार हमी शिकविली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिच्यासाठीं शहरांतल्या पगारदारांवर व धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसविण्यांत आला. पुढें २००५ सालीं केंद्रानें वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला तो ग्रामीण भागासाठीं. ज्या जागेवर नागरी संस्था आहे ती जागा त्यांतून वगळली. २०२५ च्या अखेरीस त्या कायद्याच्या जागीं दुसरा आणला गेला, तोहि ग्रामीणच. म्हणजे भिंतीपाशीं बसलेल्या बाईला उत्तर हें आहे: बाई, ज्या दिवशीं तुझी वस्ती शहरांत गेली त्या दिवशीं केंद्राच्या कायद्याचा तो हक्क तुझ्या हातून गेला. घर तेंच, खुरपें तेंच, दुष्काळ तोच. फक्त पत्ता बदलला. आणि गंमत पाहा, नगरपालिकांच्या घरपट्टीच्या बिलांत शिक्षण कराबरोबर रोजगार हमी कराचाहि रकाना असतो. दुकानगाळ्यावर तो कर भरायचा, आणि त्याच गल्लींतल्या मजुराला केंद्राची हमी मात्र नाहीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा म्हणतात तो हाच.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि हा सर्वांत खोल आहे. शहर झालें कीं विकास आराखडा येतो. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणें त्या नकाशावर येथें बाग, येथें शाळा, येथें साठ फुटी रस्ता, अशीं आरक्षणें पडतात. आरक्षण पडलें कीं ती जमीन मालकाची असून नसल्यासारखी. कसतां येते, पण घर बांधायला परवानगी मिळत नाहीं आणि विकायला गेलें तर घेणारा तोंड फिरवतो. आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाहीं तर मालकानें नोटीस द्यावी, आणि त्या नोटिशीच्या मुदतींतहि कांहीं झालें नाहीं तर आरक्षण सुटावें, अशी कायद्यांत वाट आहे. दहा वर्षें! दोन एकरांच्या कुणब्याच्या घरांत दहा वर्षांत एक लग्न, एक आजारपण आणि दोन दुष्काळ होऊन जातात. अनुभव असा कीं बागेचें आरक्षण बागायतदाराच्या मळ्यावर क्वचित् पडतें. ज्याला नकाशा वाचतां येत नाहीं त्याच्या तुकड्यावर तें नेमकें पडतें. नकाशा आंधळा नसतो. तो कोणाच्या ओसरीवर आंखला गेला हें महत्त्वाचें.

याच जमिनीच्या प्रश्नाची दुसरी बाजू मोबदल्याची आहे, आणि ती कर्ण्यावरून कोणी सांगत नाहीं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला दोनपर्यंत गुणक लावण्याची सोय केली. शहरी जमिनीला गुणक एकच. या रकमेवर तितकीच रक्कम दिलासा म्हणून द्यायची. हिशेब सोपा आहे: गुणक पुरा लागला तर खेड्यांत भावाच्या चौपट, शहरांत दुप्पट. शहर झाल्यावर मूळ भाव वाढतो हें खरें. पण सरकारी दरपत्रकांत तो वाढेपर्यंत मधला काळ जातो, आणि रस्त्याचें काम नेमकें त्याच मधल्या काळांत निघालें तर शेतकऱ्याचें दुहेरी नुकसान होतें. प्लॉटवाल्याला याची भीति नाहीं. त्यानें जमीन आधींच घेऊन आधींच विकलेली असते. त्याला शहर हवें तें भाव चढण्यापुरतें. नंतर त्या शहरांत त्याला राहायचेंहि नसतें.

तिसरा प्रश्न सामायिक जागांचा. म्हातारा कुंभार ज्या मातीविषयीं बोलत होता ती माती गांवच्या पडीक जमिनींतली. आमच्याकडच्या जमीन महसूल कायद्यांत, १९६६ च्या, गांवच्या गुरांची चराई, खळें, बाजार, स्मशान, मेलेल्या जनावरांचीं कातडीं काढण्याची जागा, अशा कामांसाठीं सरकारी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. या यादींत अवघें बलुतें बसलेलें आहे. शहराच्या नकाशावर "खळें" हा शब्द नसतो. तेथें ती जागा "मोकळी जागा" होते. मोकळी जागा म्हणजे कुणाचीच नव्हे, आणि जी कुणाचीच नव्हे ती आज ना उद्यां कुणातरी बळवंताची. गायरानांत चार शेळ्या सोडून पोट भरणाऱ्या विधवेला शहरांत कुठें वाव आहे? सुताराला लांकूड टाकायला, कैकाड्याला टोपल्या विणायला, वडाराला दगड घडायला अंगण लागतें. शहरांत अंगणाला चौरस फुटांचा भाव येतो, आणि कारागिराला त्याच अंगणांतून उठविणारी नोटीस येते.

चौथा प्रश्न कराचा. हा लोकांना आधीं सुचतो. आम्ही तो मुद्दाम चौथा ठेवला. कर देणें वाईट नाहीं. फुकटचें पाणी कोणी पाजीत नाहीं, आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी वर्षानुवर्षें थकवून गटार कां नाहीं म्हणून ओरडणारे आपल्यांतच आहेत. पण नगरपंचायतीची पट्टी आकारणीवर ठरते, आणि आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनीं होते. म्हणून विचारायचें तें एवढेंच: वाढीव पट्टी आधीं आणि सोय मागून, कीं सोय आधीं आणि पट्टी मागून? आजवर आम्हीं पाहिलेल्या गांवांत पट्टीचा कागद पहिल्या वर्षीं आला, नळ मात्र वाटेवरच राहिला.

पांचवा प्रश्न विचारण्याच्या हक्काचा. ग्रामपंचायतींत कांहीं नसेल, पण ग्रामसभा आहे. प्रत्येक मतदार तिचा सभासद. तेथें उभें राहून शेतमजूर सरपंचाला विचारूं शकतो कीं माझ्या वस्तीचा हातपंप कां बंद? घाबरत विचारील, हंशा सोसून विचारील, पण विचारील. नगरपंचायतींत सतरा प्रभागांचे सतरा सभासद. सभा त्यांची, गांवाची नव्हे. आपण मत देऊन घरीं यायचें. शिवाय शहर झालेलें गांव जिल्हा परिषदेंतून आणि पंचायत समितींतून बाहेर पडतें. शेतीअवजारांच्या, विहिरींच्या, मागासवर्गीयांच्या ज्या योजना जिल्हा परिषदेमार्फत येतात त्यांचा दरवाजाहि त्याबरोबर लोटला जातो.

आणि निवडणूकच झाली नाहीं तर? नव्या नगरपंचायतीवर आरंभीं प्रशासक बसतो. तो किती दिवस बसेल हें कोणी सांगावें! इतर मागासवर्गाच्या राखीव जागांचा वाद मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें उभा राहिला. जुलै २०२२ मध्यें बांठिया आयोगाच्या अहवालावरून त्या जागा परत मिळाल्या. तरी राज्यांतल्या नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या रखडलेल्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्यें झाल्या. मधल्या काळांत कित्येक शहरांचा कारभार एकट्या अधिकाऱ्याच्या सहीनें चालला. माळी, तेली, न्हावी, शिंपी, कोष्टी यांना या संस्थांत ज्या थोड्या खुर्च्या १९९४ पासून मिळूं लागल्या त्या अशा अधांतरीं लोंबकळल्या. ज्या शहरांत निवडलेला सभासद नाहीं आणि ग्रामसभाहि नाहीं, तेथें बहुजनांनीं दाद मागायची कोणापाशीं?

इतकें वाचून कोणी म्हणेल, हे लोक खेड्याचीं आरती ओवाळायला निघाले. मुळींच नाहीं. खेडें म्हणजे स्वर्ग ही गोष्ट ज्यांनीं खेड्यांत वेठ केली नाहीं त्यांनीं रचलेली आहे. मुंबई कायदे कौन्सिलांत १९३२ सालीं ग्रामपंचायतींचें बिल आलें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास विरोध केला. दुबळ्यांना हक्काच्या जागा नसतील तर पंचायत म्हणजे बळवंतांचें राज्य, हें त्यांचें म्हणणें होतें. १९४८ च्या नोव्हेंबरांत घटना समितीपुढेंहि त्यांनीं खेड्याची भलामण करणारांचे कान उपटले. त्यांचें बोलणें ज्यांना बोंचलें त्यांनीं आपल्या गांवची स्मशानभूमि पाहावी. एकीला पत्र्याचें छप्पर आहे आणि दुसरीला जायला वाटहि नाहीं. ज्या गांवांत दलित वस्तीला पाणी मागतांना आजहि मान खालीं घालावी लागते, तेथल्या तरुणाला शहराची ओढ वाटली तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हां कुणाला नाहीं.

मात्र शहराच्या पाटीनें माणसाचें मन बदलत नाहीं, याला महाडची साक्ष आहे. १९२३ सालीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत ठराव करून घेतला, कीं सार्वजनिक पाणवठे त्या वेळीं अस्पृश्य म्हणविलेल्या लोकांना खुले असावे. महाडला खेड्याची पंचायत नव्हती, नगरपालिका होती. तिनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरांत राहिला. २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब हजारों लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां लोकांचीं डोकीं फुटलीं. आणि त्याच नगरपालिकेनें ऑगस्टांत आपला ठराव मागें घेतला! हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडावें लागलें. नगरपालिका होती, कायदा होता, ठरावहि होता. नव्हती ती एकच गोष्ट: त्या खुर्च्यांवर बसलेलीं माणसें तहानलेल्यांचीं नव्हतीं.

याच्या उलट दाखला पुण्याचा. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळायला त्यांनीं विरोध केला, दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला. एकट्या माळ्याच्या मुलानें त्या सभेंत काय केलें हें ज्याला कळलें, त्याला आमच्या म्हणण्याचें मर्म कळलें. संस्था ग्रामाची कीं नगराची हा दुसरा प्रश्न; तींत कोण बसतो आणि कोणाच्या वतीनें बोलतो हा पहिला.

आजच्या काळांतले दोन दाखलेहि पाहा. पुण्याजवळचीं उरुळी देवाची आणि फुरसुंगी हीं गांवें. अख्ख्या पुण्याचा कचरा कित्येक वर्षें यांच्या उशाशीं टाकला गेला. विहिरींचें पाणी नासलें, लोक रस्त्यावर उतरले. २०१७ सालीं हीं गांवें इतर नऊ गांवांबरोबर महापालिकेंत घेतलीं गेलीं. कराचा बोजा आला, सोयी मागें राहिल्या, असें म्हणत तेथल्या लोकांनीं बाहेर पडण्याची मागणी लावून धरली आणि २०२४ सालीं त्या दोन गांवांची वेगळी नगरपरिषद झाली. दुसरा दाखला कल्याण-डोंबिवलीच्या २७ गांवांचा. १९८३ त आंत, २००२ त बाहेर, २०१५ त पुन्हां आंत. २०२० सालीं त्यांतलीं १८ बाहेर काढण्याचा निर्णय झाला, तो हायकोर्टानें रद्द केला. चाळीस वर्षें हीं गांवें चेंडूसारखीं उडालीं! दर वेळीं दप्तरें हललीं, पट्ट्या बदलल्या, आणि शेतकऱ्याच्या पोरानें विचारलें कीं माझा दाखला आतां कोणत्या कचेरींत मिळतो. यावरून धडा एवढाच घ्यावा, कीं आंत जाणें सोपें, बाहेर येणें कठीण; आणि दोन्ही वेळां निर्णय वरून येतो.

आणखी एक गोष्ट, जी सभेंत कोणीच काढली नाहीं. नगरपंचायत झाली कीं गटारें बंद होतात, मैलागाडी येते, झाडलोट रोज होते. फार चांगलें. पण हें काम करणार कोण? आजवरचा रिवाज पाहतां तें काम गुत्तेदाराला दिलें जाईल, आणि गुत्तेदार तें ठरलेल्या वस्तींतल्या ठरलेल्या माणसांकडून अर्ध्या मजुरींत करून घेईल. हातानें मैला काढविण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ सालीं झाले आहेत; तरी टाक्यांत गुदमरून माणसें मरत आली आहेत. ज्या शहराची स्वच्छता अशा मरणावर उभी आहे त्याला आम्ही सुधारणा म्हणणार नाहीं. नगर हवें असेल तर सफाई करणाऱ्याला कायम नोकरी, यंत्र आणि पुरता पगार, ही अट पहिल्या ठरावांत असली पाहिजे.

तेव्हां आमचें मत उघड सांगतों. ज्या गांवांत अजून निम्म्याहून अधिक चुली शेतीवर व शेतमजुरीवर पेटतात, त्या गांवानें नगरपंचायत आज मागूं नये. ज्या रस्त्यांसाठीं, गटारांसाठीं, नळांसाठीं शहर मागतां, त्यांतलें बरेचसें काम ग्रामपंचायतीच्या अधिकारांत आजहि आहे. तें झालें नाहीं तें अधिकार नव्हता म्हणून नव्हे, हिशेब कोणी विचारला नाहीं म्हणून. जो गांव ग्रामसभेंत हिशेब विचारीत नाहीं, तो नगरपंचायतींत कोठून विचारणार?

पण वस्ती वाढत आहे, आणि कांहीं गांवांवर हा बदल येणारच. त्यांनीं बेसावध राहूं नये. आजच्या आज ग्रामसभेंत ठराव करून गायरान, खळें, मातीची जागा, सर्व जातींचीं स्मशानें, बाजारतळ, यांचे गट नंबर आणि क्षेत्र लिहून ठेवा, आणि ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल घरीं ठेवा. उद्घोषणा निघाली कीं मुदतींत लेखी हरकत जिल्हाधिकाऱ्याकडे द्या; गांवाच्या वतीनें एक अर्ज देऊन थांबूं नका, घरागणिक अर्ज द्या आणि पोंच घ्या. पेठ आणि वाड्या एकाच दाव्याला बांधूं नका. पेठेला नगर व्हायचें असेल तर होऊं द्या, वाड्यांनीं वेगळ्या ग्रामपंचायतीची मागणी करावी. आराखड्याचा नकाशा लागला कीं शाळा शिकलेल्या पोरापोरींना घेऊन तो पाहायला जा. आपला गट नंबर हुडकून काढा, त्यावर कोणता रंग आहे तें विचारा. आणि पहिली निवडणूक लागली कीं प्लॉटवाल्याच्या जीपमध्यें बसूं नका. आपल्यांतला सुतार, आपल्यांतली मजूर बाई, आपल्यांतला भूमिहीन उभा करा. राखीव जागेवर दुसऱ्याचें बाहुलें निवडून आणणें म्हणजे आपल्या हातानें आपली खुर्ची विकणें आहे.

त्या बाजारगांवची पुढची सभा जवळ आली आहे. तेथल्या वाचकांना आमची विनंति फार लहान आहे. मंडपांतल्या खुर्च्या त्या दिवशीं काढून टाका. सगळ्यांनीं सतरंजीवर बसावें. भिंतीपाशीं बसणाऱ्या बायांना पुढें बसवा आणि पहिल्यानें त्यांना बोलूं द्या. म्हाताऱ्या कुंभाराचा प्रश्न कर्ण्यावरून पुन्हां विचारा आणि त्याचें उत्तर प्रोसीडिंगांत लिहून घ्या. तें उत्तर मिळेपर्यंत हात वर करूं नका.

ज्या शहरांत कुंभाराला माती नाहीं, मजुराला काम नाहीं आणि कुणब्याला विचारायची सोय नाहीं, तें शहर आपलें नव्हे. मग त्याच्या वेशीवर कितीहि मोठी कमान उभी राहो.